मोहफुलांच्या बिअरची साक्ष

मी बाराखडी गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. पुढून ‘आया-बहिणींनो, भट्टी बंद करा’ आणि मागून माझा वाकडातिकडा क. आई कोराडीच्या आसपासच्या गावांत दारूबंदीचं काम करायची, अजूनही करते. नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांमागे एका बोळात छापखाना होता, तिथून पत्रकांचे गठ्ठे आमच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये यायचे. जे वाटून उरायचं त्याच्या मी वह्या करायची. दुसऱ्या मुलींना गोष्टीची पुस्तकं मिळायची. मला मागण्या, धिक्कार आणि जाहीर आवाहनं मिळाली, आणि मला त्याबद्दल कधी वाईट वाटलं नाही.

पत्रक छापायला जाण्याआधी आई एक काम करायची. कच्चा मजकूर पुढ्यात घेऊन ती लाल पेनानं प्रत्येक वाक्याशेजारी समासात एक नाव लिहायची. ‘गावात तीन भट्ट्या चालू आहेत.’ कोणी पाहिलं? नाव. ‘नाल्याच्या काठी सडव्याचे ड्रम पुरले आहेत.’ सडवा म्हणजे मोहफुलं पाण्यात कुजत घालून केलेलं आंबवण, त्यातून पुढे दारू काढतात. कोणी पाहिले ड्रम? नाव. ही नावं छापली जात नसत, पण समासात ती असावीच लागत. ज्या वाक्यापुढे नाव येत नसे ते वाक्य खोडलं जायचं. चौदाव्या वर्षी मी तिला एक जळजळीत परिच्छेद लिहून दिला होता, ‘या विषारी धंद्यानं हजारो संसार राख झाले’ असा. आईनं वाचला आणि विचारलं, “हजारो कोणी मोजले वं?” तिनं सगळा खोडला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या वस्तीत चार घरं.’ चारही घरांपुढे नावं होती. त्यातलं एक नाव माझ्या मामाचं होतं.

मोठी झाल्यावर मी बिअरची परीक्षणं लिहू लागले.

हे वाक्य सांगितलं की लोक हसतात, किंवा मी आईवर सूड उगवते आहे असं समजतात. तसं काही नाही. दारूच्या धंद्याबद्दल माझं मत आईपेक्षा मवाळ नाही. विक्रेत्यानं भेट म्हणून धाडलेली बाटली मी परत करते. पण सातू, पाणी आणि यीस्ट घेऊन एखाद्या देशातली चार माणसं वर्षानुवर्षं एक चव घडवत बसतात, तिला आणि नाल्याकाठच्या ड्रमला एकाच शब्दाखाली लोटून देणं मला समासात नाव नसलेल्या वाक्यासारखं वाटायचं. म्हणून एका संकेतस्थळासाठी मी पंधरा दिवसांनी एक परीक्षण लिहायला लागले, स्वतःच्या नावानं.

बाटल्या उघडायच्या त्या रामदासपेठेत, माझ्या मैत्रिणीच्या खोलीवर. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिचं नाक कुत्र्यासारखं आहे असं तीच सांगते. रविवारी दुपारी खिडकी उघडी, उदबत्ती बंद, दोन घोटांच्या मध्ये पाणी आणि कोरडे मुरमुरे. धुरावर वाळवलेल्या माल्टची जर्मन बिअर प्यालो, तेव्हा मला हुरड्याची विझत आलेली शेकोटी आठवली. बेल्जियमची एक बिअर उघड्या हौदात, हवेतल्या जंगली यीस्टनं आंबवतात. तिला घोड्याच्या घोंगडीचा वास येतो असं जगभरचे परीक्षक एकमेकांचं पाहून लिहितात. मी लिहिलं की घोड्याची घोंगडी मी हुंगलेली नाही, पण ओल्या पोत्याखाली राहून गेलेल्या चिंचेचा वास येतो. स्कॉटलंडच्या एका बिअरमध्ये समुद्राचं शेवाळ होतं. तिच्याबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या, कारण समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला आहे. आणि एका बाटलीवर संत्र्याचं चित्र होतं. नागपूरच्या माणसाला संत्र्यात फसवणं कठीण. वाळलेली साल आहे, तीही कडू, असं मी लिहून टाकलं.

आईनं माझं पहिलं परीक्षण फोनवर वाचलं, चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून.

“हे चिंचेच्या वासाचं,” ती म्हणाली, “कोणी घेतला हा वास?”

“मी.”

“मंग ठीक आहे.” मग फोन खाली ठेवून म्हणाली, “पण घरात एक थेंब नाही आणायचा. तुह्या मामाले नऊ वर्षं झाली. समजलं?”

समजलं होतं. मामा आमच्याकडेच राहायचा. पूर्वी तो कोळशाचा ट्रक चालवायचा आणि प्यायचा. किती प्यायचा ते मी इथे लिहीत नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यानं सोडली, आणि आता वसाहतीतल्या मुलांची शाळेची व्हॅन चालवायचा. सकाळी मुलं ‘मामा मामा’ करत व्हॅनमध्ये शिरायची. तो सगळ्या जगाचा मामा झाला होता. आठवड्यातून एकदा तो बसनं शहरात जायचा, दारू सोडलेल्या माणसांच्या बैठकीला. तिथे काय होतं ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग मैत्रिणीच्या ओळखीतून ती बाटली आली. युरोपातल्या एका थंड देशातली छोटी ब्रुअरी, आणि बिअर मोहफुलांची. लेबलवर पानांमधून डोकावणारा वाघ आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, पहाटेच्या मध्य भारतीय जंगलाचा अस्सल सुगंध.

मला इतका राग आला की मैत्रीण म्हणाली, “अगं, आधी पी तरी!” ज्या फुलांसाठी इकडे पोलीस बायकांची टोपली झाडाखालून उचलून नेतात, ज्यांच्यावर माझ्या आईनं निम्मी पत्रकं लिहिली, त्याच फुलांवर तिकडे वाघ चिकटवून अस्सल म्हणून विकायचं? आम्ही प्यालो. गोडसर, जड, मागे काहीतरी कुबट. मी वही काढली आणि ‘लेबल खोटं आहे’ असं लिहिलं.

आणि तिथेच अडले. मी मोहफूल पडताना कधी हुंगलंच नव्हतं. मी वसाहतीत वाढलेली. मला राखेचा, कोळशाचा, बॉयलरच्या वाफेचा वास माहीत. मोहाचा वास मला माहीत होता तो फक्त भट्टीवर धाड पडल्यानंतर आईच्या साडीला येणारा. लेबल खोटं आहे याला माझ्याकडे साक्ष नव्हती.

साक्ष कोणाची चालली असती ते मला त्याच क्षणी सुचलं. आई आणि मामा भंडाऱ्याकडच्या एका गावात वाढले. लहानपणी दोघं पहाटे मोह वेचायला जायचे. आईला विचारलं असतं तर तिनं बाटलीकडे पाहिलंही नसतं. राहिला मामा.

पुढच्या रविवारी आई रामटेककडच्या एका गावात बैठकीला गेली, बाबा दिवसपाळीला. मी उरलेली अर्धी बाटली ओढणीत गुंडाळून घरी आणली. नियम मोडतेय हे मला ठाऊक होतं. पण मी स्वतःला सांगितलं की हा पिण्याचा प्रश्नच नाही, हा तपासाचा प्रश्न आहे.

मामा अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीत माती भरत होता. मी स्टीलच्या पेल्यात दोन बोटं ओतली आणि बाहेर नेली.

“मामा, एक काम आहे. फक्त वास घे याचा. प्यायचं नाही.”

त्यानं पेल्यात पाहिलं. मग माझ्याकडे. “काहून वं?”

मी सांगितलं. लेबल, वाघ, पहाटेचं जंगल, सगळं. तो हसलासुद्धा. “वाघानं बसून वेचलं का फूल?” म्हणाला. हात पायजम्याला पुसले, पेला घेतला आणि नाकाशी नेला.

बराच वेळ त्यानं डोळे मिटून ठेवले. मग बोलायला लागला, आणि मामा इतका बोललेला मी कधीच ऐकला नव्हता.

“हे पाह्य, झाडावरून पडलेलं ताजं फूल असते न, त्याले चिन्नोर शिजून राहिल्यावानी वास येते. भाताचा. गोड नाही, गरम. आमी आधी झाडाखालची पानं जाळत होतो, फुलं साफ जमिनीवर पडली पाह्यजे म्हणून. मंग त्या राखेचा वास आन् त्याच्यावर फुलाचा. तुही आई टोपल्यातून उचलून उचलून खात होती, आन् मंग पोट दुखलं का माह्या नावानं बोंबलत होती. वाळलं का मनुकासारखं होते, वासही तसाच. आन् पाण्यात टाकलं का पह्यल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी गूळ. तिसऱ्या दिवशी...” तो थांबला. पुन्हा पेला नाकाशी नेला. “हे तिसऱ्या दिवसाचं आहे. याच्यात फूल नाही, पहाट नाही, काही नाही. याच्यात सडवा आहे.”

मी पायरीवर बसून भराभर लिहीत होते. माझ्या वहीत आजवर आलेली सगळ्यात चांगली वाक्यं ती होती. मला इतका आनंद झाला की मी मामाचा चेहरा पाहिला नाही, फक्त पेला परत घेतला, आत जाऊन मोरीत ओतला, बाटलीही ओतली, आणि भरपूर पाणी सोडलं.

बाहेर आले तेव्हा त्यानं विचारलं, “पूर्ण ओतली का?”

“हो.”

“मोरीत?”

“हो. का?”

“काही नाही,” तो म्हणाला, आणि आधीच भरलेल्या कुंडीत पुन्हा माती भरू लागला.

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी मामानं व्हॅनची किल्ली आईसमोर ठेवली.

“आज मी गाडी नाही चालवत. शाळेत सांगितलं, दुसरा ड्रायव्हर येऊन राहिला.”

“बरं नाही का गा?” आईनं विचारलं.

“बरं आहे.” त्यानं कापडी पिशवी खांद्याला लावली आणि तो बसथांब्याकडे निघून गेला. चहा तसाच.

आईनं किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आईला खोटं सांगायची कला मला कधी आली नाही, म्हणून मी सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “घरात आणली?”

“हो.”

“काहून?”

“लेबल खरं आहे का खोटं, ते पाहायला.”

“मंग? सापडलं खरं?”

“सापडलं.”

तिनं मान हलवली, जणू मी एखाद्या गावाचा पत्ता सांगितला होता, आणि चप्पल घातली. “गाडी काढ.”

मामाचा फोन बंद होता. मी स्कूटी चालवत होते, आई मागे. कोराडी रस्त्यावर दारूची दुकानं कुठे कुठे आहेत हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नसेल. प्रत्येकासमोर तिनं कधी ना कधी पत्रकं वाटली होती. आज ती रिकाम्या हातानं आत जायची, टेबलांवरून नजर फिरवायची आणि बाहेर यायची. एका ठिकाणी गल्ल्यावरचा माणूस तिला पाहून अर्धा उठला आणि म्हणाला, “ताई, सकाळी सकाळी मोर्चा का?” आई म्हणाली, “मोर्चा नाही. भाऊ पाहून राहिली.” तो बसला. मग चुपचाप स्वतः उठून मागची खोली पाहून आला आणि नाही म्हणून मान हलवली.

राखेच्या ट्रकांच्या थांब्यावर एक ढाबा आहे, मामा पूर्वी तिथेच पडलेला असायचा. ढाबेवाला म्हातारा झाला होता.

“आज कागद नाही आणले का हो ताई?” त्यानं विचारलं. “तुमच्या कागदात भजे बांधतो मी. चांगला कागद असते.”

“माहा भाऊ आला होता का?”

त्याचं हसू गेलं. “नाही हो. नऊ वर्षांत या रस्त्यानं चालत नाही गेला तो. व्हॅन घेऊन जाते तर हॉर्न वाजवते, मी हात करतो. बस.” मग मला म्हणाला, “पोरी, आईले पाणी पाज. पाह्य कशी बसली.”

आई ढाब्याच्या बाजेवर बसली होती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. मी पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही. म्हणाली, “मीच शिकवलं तुले विचारायले. कोणाले नाही विचारायचं, थे नाही शिकवलं.”

त्या वेळी तिनं माझ्यावर ओरडावं असं मला वाटत होतं. माझ्याकडे स्वतःसाठी भरपूर धिक्कार तयार होता, पत्रकातल्यासारखा, मोठ्या अक्षरातला. त्याचा काही उपयोग नव्हता. मी दारूच्या धंद्याला दोष देऊ शकत होते, त्या ब्रुअरीला, त्या वाघाला. पण पेला मामाच्या हातात मी दिला होता, एका वाक्यासाठी.

चारच्या सुमाराला आम्ही घरी परतलो. तासाभरानं मामा बसमधून उतरून चालत आला. आई फाटकात उभी होती. त्यानं चपला काढल्या, पाय धुतले आणि म्हणाला, “नाही घेतली.”

आई ताट वाढायला गेली.

जेवताना त्यानं सांगितलं की तो दिवसभर शहरात होता, बैठकीच्या खोलीत. सकाळची बैठक झाली, मग दुपारची झाली, मध्ये तो तिथेच सतरंजीवर बसून राहिला. “रातभर थो वास गेला नाही नाकातून,” तो म्हणाला. “मोरीतून येऊन राहिला असं वाटे. दोनदा उठून मोरीपाशी गेलो. तिसऱ्यांदा पहाटे वाकलो.” आईचा हात भातावर थांबला. “काही नव्हतं तिच्यात. पाणी होतं. पण मी वाकलो होतो न.”

“मामा,” मी म्हणाले.

“लिही तू थे,” तो म्हणाला. “लेबल खोटंच आहे.”

“नाही लिहिणार.”

“काहून? मी खोटं सांगितलं का?”

“नाही.”

“मंग लिही नाहीतर नको लिहू. माह्यावर उपकार म्हणून नको करू काही.” मग म्हणाला, “व्हॅन मी सध्या नाही चालवत. पोरं असते तिच्यात. माह्या हातावर भरवसा आला का चालवतो.”

परीक्षण मी पाठवलं नाही. संकेतस्थळाच्या संपादकाला कळवलं की मोहफुलाचा वास मला माहीत नाही, म्हणून या बिअरबद्दल मी काही लिहू शकत नाही. ते खरं होतं. अजूनही मी दुसऱ्या बिअर पिते आणि त्यांच्याबद्दल लिहिते. हे लपवून इथे चांगली दिसायची माझी इच्छा नाही.

मंगळवारी मामा म्हणाला, “चाल माह्यासंगं. आज घरच्यांले येऊ देते.” आई म्हणाली, तूच जा.

ती खोली रामदासपेठेतच होती, एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला. मैत्रिणीच्या खोलीपासून चालत पाच मिनिटांवर. मी रविवारच्या रविवारी ज्या खिडकीत बसून घोट घेत होते ती खिडकी आणि ही खोली यांच्यामध्ये एक चहाची टपरी आणि दोन औषधांची दुकानं, एवढंच. पंचवीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. तीन बायका होत्या. एक माणूस बँकेतल्या साहेबासारखा, एकाच्या शर्टाला ग्रीस. तिथे कोणी नाव सांगत नाही. प्रत्येक जण उठतो आणि सोडून किती काळ झाला ते सांगतो, मग बाकीचे टाळ्या वाजवतात. सात महिने. बावीस वर्षं. अकरा दिवस. टाळ्या सगळ्यांना सारख्याच.

मामा उठला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, “हे माही भाची.” मग म्हणाला, “माहा आज दुसरा दिवस.”

खोलीत चुळबुळ झाली. समोर बसलेला, बैठक चालवणारा माणूस म्हणाला, “भाऊ, नऊ वर्षं म्हणा. काल दिवसभर समजावलं तुम्हाला. तुम्ही घेतली नाही.”

“वास घेतला.”

मागून कोणीतरी बोललं, “अरे भाऊ, वासानं काय होते? माह्या घरासमोर बार आहे, मी रोज फुकटात वास घेतो!” लोक हसले. मामाही हसला.

“तुमच्या नाकात थो आपोआप येते,” तो म्हणाला. “मी नाकानं बोलावला. एकदा घेतला थो हिच्यासाठी. दुसऱ्यांदा पेला नाकाशी नेला थो माह्यासाठी. मले ठाऊक आहे. म्हणून दुसरा दिवस.”

कोणी हसलं नाही. बैठक चालवणारा म्हणाला, “बरं. दुसरा दिवस.” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बावीस वर्षांना वाजवल्या होत्या तेवढ्याच.

माझे हात उचलेनात. नऊ वर्षं माझ्यामुळे गेली होती आणि मी तिथे बसून कशाला टाळी वाजवणार होते? मामा खाली बसला. माझ्याकडे न पाहता त्यानं मला कोपरानं ढोसलं.

“वाजव,” तो म्हणाला. मी वाजवली.